ट्राउटसाठी ओढ्यात उतरल्यावर प्रवाहाच्या वर चालावे की खाली?

भिजलेला कातळ

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात धाकटा भाऊ आणि मी हिमाचलात तीर्थन खोऱ्यात जातोय, ब्राउन ट्राउटसाठी. राहणार गुशैणीला. परवाना तिथेच मत्स्य विभागाकडून घेणार. हा मासा मूळचा तिथला नाही. इंग्रज अधिकाऱ्यांनी १९०९ साली कुल्लूत महिलीला उबवणी केंद्र काढले आणि तिथून तो या नद्यांत पसरला. आता शंभराहून जास्त वर्षे तो तिथे स्वतःच्या बळावर वाढतोय.

फ्लाय, म्हणजे पिसे-दोऱ्याचा किड्यासारखा गळ, आणि त्यासाठीच्या रॉडने लाइन टाकणे आम्हा दोघांना बऱ्यापैकी जमते. सराव मात्र सगळा मैदानावर आणि धरणाच्या काठावर झालाय. वाहत्या पाण्यात उतरून, मासा हेरत पुढे सरकत राहणे हे प्रकरण निराळे आहे, आणि त्यात पहिल्याच प्रश्नावर अडलोय. ज्यांच्याकडे उतरणार त्यांचा मुलगा फोनवर म्हणाला, पुलापासून खाली खाली चला, पाण्याबरोबर चालणे सोपे जाते. अमेरिकेतला मित्र म्हणतो, नेहमी उगमाच्या दिशेनेच चाल, खाली उतरायचा विचारही करू नकोस. दोघेही पाण्यात वाढलेले. कुणाचे ऐकू?

कारणांसकट सांगा. नुसता नियम पाठ करून गेलो तर नदीवर पोचल्यावर तो लागू आहे की नाही हे कळणार नाही.

खडूकाठ

तुमच्या मित्राची बाजू मांडतो. मी इंग्लंडात हॅम्पशायरला राहतो. इथल्या खडूच्या खडकातून झिरपून आलेल्या नद्या, टेस्ट आणि इचेन, या बाबतीत फार कडक. बऱ्याच ठिकाणी नियमच असतो की फ्लाय फक्त वरच्या दिशेने टाकायची. काही ठिकाणी तर पाण्यात उतरायलाही बंदी असते, काठावरूनच टाकायचे.

मुळात ट्राउट वाहत्या पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो. वाहून येणारे किडे त्याला तोंडासमोर मिळतात आणि कल्ल्यांतून पाणी आपसूक खेळते. डोळे बाजूला असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, फक्त शेपटीमागे साधारण ३० अंशांचा पट्टा आंधळा राहतो. तुम्ही खालून वर आलात तर त्या पट्ट्यातून येता. वरून खाली आलात तर थेट त्याच्या नजरेसमोर.

दुसरे कारण गाळाचे. तुमच्या प्रत्येक पावलाने तळाची माती, शेवाळ, खडी हलते आणि खाली वाहते. खाली चालणाऱ्याचा गढूळ लोट त्याच्या आधी माशांपर्यंत पोचतो. वर चालणाऱ्याच्या पायांखालचा लोट मागे जातो, जिथे त्याचे काम आटोपलेले असते.

तिसरे, मासा लागल्यावर. तुम्ही मागे आहात, ओढ मागे बसते, गळ जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. समोरून ओढलेत तर तो उघड्या तोंडातून सरळ बाहेर येण्याची शक्यता जास्त.

हा वाद जुना आहे. एडिंबराच्या डब्ल्यू. सी. स्टुअर्टने १८५७ साली वरच्या दिशेने मासेमारी करण्याचा ठाम पुरस्कार केला, त्या काळी बहुतेक लोक खालीच टाकत. पुढे मासेमारीवर लिहिणाऱ्या इंग्रज हॅलफर्डच्या अनुयायांनी कोरडी, म्हणजे पाण्यावर तरंगणारी फ्लाय हीच काय ती खरी असे ठरवून टाकले आणि स्क्यूज या दुसऱ्या इंग्रज लेखकाने बुडती निम्फ, म्हणजे किड्याच्या पाण्याखालच्या अवस्थेची नक्कल, वापरून त्यांना आव्हान दिले. १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात यावर रीतसर वादसभा झाली. मला यात सर्वांत बोलकी वाटते ती गोष्ट अशी की तरंगती की बुडती यावर एकमेकांचे तोंड न पाहणारे हे दोन पक्ष दिशेबाबत एकमताचे होते. दोघेही वरच टाकत.

पेन्स क्रीकवाला

खडूकाठ, मुद्दे बरोबर आहेत, पण ते तुमच्या नदीचे आहेत. सपाट, संथ, काचेसारखे स्वच्छ पाणी. सगळ्या नद्या तशा नसतात.

मी पेन्सिल्व्हेनियात. इथे संध्याकाळी मी बहुतेक वेळा खालीच चालतो. मऊ पिसांची बुडती फ्लाय आडवी टाकायची, किंचित खालच्या बाजूला, आणि लाइन ताणलेली ठेवून ती प्रवाहात कमानीसारखी फिरू द्यायची. फेरी पूर्ण झाली की दोन पावले खाली, पुन्हा टाकायची. पाण्याचा सगळा पट्टा पद्धतशीर धुंडाळला जातो. वर येऊ पाहणाऱ्या किड्यासारखी ती फ्लाय शेवटी उचलली जाते आणि नेमका तिथेच मासा घेतो. लाइन ताणलेली असल्यामुळे धक्का थेट बोटांना कळतो. नवख्यासाठी याचे मोल मोठे आहे. वर टाकलेली फ्लाय प्रवाहाबरोबर तुमच्याकडेच परत येते. तेवढ्याच वेगाने डाव्या हाताने लाइन ओढून घेतली नाही तर ढील पडते, मासा घेऊन थुंकूनही टाकतो आणि तुम्हाला पत्ता लागत नाही.

मोठी स्ट्रीमर (लहान माशासारखी फ्लाय) असो, स्टीलहेड (समुद्रातून नदीत येणारा ट्राउट) असो, सॅमन असो, तिथे सगळे खालीच सरकत जातात. आयडाहोतल्या हेन्रीज फोर्कवर तर तरंगती फ्लायसुद्धा मुद्दाम वरून खाली सोडतात. तिथले ट्राउट इतके चोखंदळ की लीडर, म्हणजे फ्लायला बांधलेला बारीक धागा, डोक्यावरून गेला तरी तोंड मिटतात. वरून ढील देऊन सोडली की सर्वांत आधी फ्लाय पोचते, धागा मागून.

खडूकाठ

हेन्रीज फोर्कचे मान्य. पण तिथे लोक वरच्या अंगाला, माशापासून बरेच लांब, जागच्या जागी उभे राहून सोडतात. माशाच्या अंगावर चालत जात नाहीत. फ्लाय कुठे टाकायची आणि पाय कुठे न्यायचे हे दोन प्रश्न आपण एकच समजून भांडतोय.

भिजलेला कातळ

हे फार उपयोगी आहे, थांबू नका. तीर्थनचे जे फोटो पाहिले त्यात मोठमोठे धोंडे, त्यांच्यामध्ये फेसाळ पाणी आणि धोंड्यांमागे लहान लहान शांत जागा दिसतात. इचेनसारखे काहीच नाही. अशा पाण्यात माशाला मी दिसतो तरी का?

दक्षिणालोक

दिसता, पण कमी. हे नीट समजून घेण्यासारखे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मी न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर असतो. इथे मासा आधी डोळ्यांनी शोधायचा आणि मगच फ्लाय टाकायची, त्यामुळे त्याला काय दिसते याचा विचार रोजचा.

पाण्याखालून वर पाहणाऱ्याला आकाश सगळीकडे दिसत नाही. विहिरीच्या तळातून वर पाहिल्यावर दिसावे तसे डोक्यावर एक गोल झरोका दिसतो, त्याबाहेर पृष्ठभाग आरशासारखा असतो आणि त्यात तळाचेच प्रतिबिंब पडते. झरोक्याचा कोन सुमारे ९७ अंश. मासा ३० सेंटिमीटर खोलीवर असेल तर झरोका साधारण ६८ सेंटिमीटर रुंद, ६० वर असेल तर दुप्पट. काठावरच्या सगळ्या गोष्टी या झरोक्याच्या कडेला दाबून, चपट्या होऊन दिसतात. पाण्याच्या पातळीपासून १० अंशांच्या आतले तर इतके चेपले जाते की त्याला त्यातून फारसे काही उमगत नाही.

आता हिशेब करा. १० मीटर अंतरावर १० अंश म्हणजे सुमारे पावणेदोन मीटर उंची, म्हणजे उभा माणूस. ५ मीटरवर तेच ९० सेंटिमीटरही भरत नाही, म्हणजे गुडघ्यावर बसलेला माणूस. म्हणून जवळ जायचे तर वाकायचे, आणि पाण्यात मांडीपर्यंत उभे असाल तर उंची आपोआप कमी होते. रॉड मात्र उंच हलत राहतो, तो आडवा फिरवायला शिका.

तीर्थनसारख्या फेसाळ पाण्यात पृष्ठभाग सतत तुटतो, झरोक्यालाही तडे जातात. तिथे दोन रॉडच्या अंतरापर्यंत जाता येते. जवळ गेल्यावर लाइन जेमतेम पाण्याला टेकते, रॉड उंच धरून फ्लाय त्या शांत खिशात दोन-तीन सेकंद राखायची, बस. पेन्स क्रीकवाला म्हणतात ती ढिलीची अडचण अशा पाण्यात जवळपास उरत नाही, कारण परत ओढून घ्यायला लाइनच बाहेर नसते. जपानी डोंगरी ओढ्यांवरचे तेंकारावाले रीळच वापरत नाहीत, रॉडच्या टोकाला बांधलेली ठरावीक लांबीची लाइन, आणि ते ओढा खालून वर चढत जातात ते याच कारणाने.

एक गोष्ट मात्र विसरू नका. धोंड्यामागे पाणी उलटे फिरते. त्या भोवऱ्यातला मासा त्या उलट्या पाण्याकडे तोंड करून असतो, म्हणजे नदीच्या हिशेबाने खाली पाहत असतो. तुम्ही शिस्तीत खालून वर येताय आणि तो सरळ तुमच्याकडेच बघतोय. नदी कुठे वाहते ते सोडा, माशाच्या नाकाला लागणारे पाणी कुठून येते ते बघा. पाण्यावरचा फेस, एखादे वाळके पान, त्यांच्याकडे मिनिटभर पाहिले की कळते.

सावित्रीकाठ

मी फ्लायवाला नाही, महाडकडचा आहे, गरी आणि पाग (फेकायचे जाळे) यांवर वाढलो. पण गाळाच्या मुद्द्यावर लिहावेसे वाटले. आमच्याकडे पाग घेऊन ओढ्यात जाणारा माणूस खालच्या अंगाने शिरतो. वडील तर मला मागून चालायला लावत, पुढे गेलो की ओरडा बसे. कारण हेच, गढूळ पुढे जाता कामा नये.

मासे प्रवाहाकडे तोंड करून कसे उभे राहतात ते डोळ्यांनी बघायचे असेल तर हिमाचलला जायच्या आधी एकदा काळ नदीवर वाळणकोंडाला जाऊन या. तिथले महसीर देवाचे मानले जातात, कुणी धरत नाही, त्यामुळे बुजत नाहीत. काठावर बसून नुसते पाहा. सगळ्यांची तोंडे एका दिशेला, शेपट्या जेमतेम हलतात. चुरमुरे टाकले की उसळी, आणि दाणे संपले की हळूहळू पुन्हा सगळे त्याच दिशेला वळून जागेवर. मोठे मासे पाणी जिथून कोंडात शिरते तिथे पुढे, लहान मागे. तुम्ही लोक इथे जे लिहिताय ते सगळे तिथे अर्ध्या तासात दिसते.

भिजलेला कातळ

सावित्रीकाठ, नक्की जाऊन येतो. मोठे पुढे आणि लहान मागे, हे ट्राउटलाही लागू का?

खडूकाठ

बहुतेक वेळा हो. डोहात पाणी शिरते त्या तोंडाशी अन्न आधी येते, ती जागा दांडगा मासा पकडतो. म्हणून खालून येताना डोहाच्या शेपटीला असलेल्या लहान माशांपासून सुरुवात करावी लागते. त्यांना ओलांडून थेट मोठ्यावर टाकाल तर शेपटीतले लहान मासे बिथरून वर पळतात आणि सगळा डोह सावध होतो. शेपटी अवघडही असते, कारण डोहातून बाहेर पडताना पाणी वेग घेते आणि तुमची लाइन फ्लायच्या आधी खेचली जाते. तिथे लाइन पाण्यात पडू न देता शक्य तितकी हवेत धरा. आणि अगदी सरळ मागून टाकू नका. सरळ मागून टाकलेली लाइन माशाच्या डोक्यावरच पडते. थोडे बाजूला सरका आणि तिरके, वर आणि आडवे, असे टाका.

कडेकपारी

सगळे माशाला काय दिसते यावर बोलताय. माणूस वाहून गेला तर काय, यावर अजून कुणीच बोललेले नाही, म्हणून लिहितो. मी पुण्याचा, डोंगरात लोकांना नेतो, पावसाळ्यात नद्या ओलांडून देण्याचे काम बरेच केले आहे. हिमालयातही.

पाण्याबरोबर चालणे सोपे जाते असे तुमच्या यजमानांचा मुलगा म्हणतो. सोपे जाते हे खरे, आणि धोका नेमका तिथेच आहे. पाणी मागून ढकलत असते, पाऊल तुम्ही ठरवण्याआधी पडते, पुढे तळ खोल होत गेला तर परत फिरायला जो जोर लागतो तो अंगात उरलेला नसतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की पायांवरचा जोर चौपट होतो. वर चालताना दमछाक होते, पण जिथे जमत नाही तिथे तुम्ही आपोआप थांबता, आणि परतीची वाट तुम्ही नुकतीच पायांखालून घातलेली असते. नवख्याने वर चालावे याला माझ्या लेखी एवढे एक कारण पुरेसे आहे. मासे लागोत न लागोत.

ओलांडायचे असेल तर पात्र रुंद आणि उथळ आहे तिथे. अरुंद जागा लहान वाटते, पण सगळे पाणी तिथूनच जाते, म्हणजे खोल आणि जोराचे. खालच्या बाजूला धबधबा, धोंड्यांची अरुंद फट किंवा पाण्यात आडवे पडलेले झाड असेल तर तिथून ओलांडायचेच नाही. पडलेल्या झाडातून पाणी आरपार जाते, माणूस अडकतो. प्रवाहाला अंगाची बाजू द्या, काठी वरच्या अंगाला रोवून तिच्यावर भार टाका, एका वेळी एकच गोष्ट हलवा, काठी किंवा एक पाय. पाऊल उचलून टाकू नका, तळाला घासत सरकवा. जोराच्या पाण्यात गुडघा ही मर्यादा माना. आणि वळायचे असेल तर तोंड वरच्या दिशेला ठेवून वळा. पाठ वर आणि तोंड खाली, अशा अवस्थेत गुडघे मागून मुडपतात.

पडलात तर पाठीवर व्हा, पाय खालच्या दिशेला आणि पृष्ठभागाजवळ. तळ उथळ होईपर्यंत उभे राहायचा प्रयत्न करायचा नाही. दोन धोंड्यांत पाय अडकला की पाणी अंगावरून जाते. वेडर्सचा, म्हणजे पाण्यात उतरायच्या जलरोधक विजारीचा, कमरेचा पट्टा घट्ट हवा. वेडर्समध्ये पाणी भरले की माणूस बुडतो असे बरेच जण घाबरून सांगतात. पाण्यातल्या पाण्याला पाण्यात वजन नसते. त्रास होतो तो बाहेर निघताना, कारण ते सगळे पाणी उचलून काठावर चढावे लागते.

आता एप्रिल-मे-जूनचे खास. तीर्थनला बर्फाचे पाणी येते. दिवसभर ऊन तापले की वरचे बर्फ वितळते आणि ते पाणी खाली पोचायला वेळ लागतो, म्हणून पातळी दुपारनंतर चढते. सकाळी गुडघ्याइतक्या पाण्यातून पलीकडे गेलात तर संध्याकाळी तीच वाट मांडीच्या वर असू शकते. पाण्याजवळच्या एखाद्या धोंड्यावर ओलीची रेघ हेरून ठेवा आणि अधूनमधून तिच्याकडे बघा. धोंडा बुडत चालला, पाणी गढूळ झाले, काटक्या-पाने वाहून येऊ लागली की त्याच क्षणी बाहेर.

खाली लारजीला तीर्थन आणि सैंज बियासला मिळतात आणि तिथे धरण आहे. ८ जून २०१४ ला लारजीतून सोडलेल्या पाण्यात थलौटजवळ बियासच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी आणि त्यांच्या सोबतचा सहलीचा एक माणूस वाहून गेले. पात्र कोरडे दिसत होते म्हणून ते धोंड्यांवर गेले होते. धरणाखालच्या नदीत दिशा कुठलीही घ्या, काठापासून दूर जायचे नाही.

पेन्स क्रीकवाला

कडेकपारी, हे सगळे मान्य. माझ्याकडच्या नदीत तळ मला पाठ आहे, म्हणून मी खाली चालू शकतो. अनोळखी नदीत पहिल्या दिवशी मीही वरच चालेन. पण कातळभाऊ, बुडती फ्लाय आडवी फिरवायची पद्धत टाकून देऊ नका. सकाळी वर चालत जा, आणि परत येताना काठावरून चालत येऊन ज्या जागा लांबून धुंडाळता येतात तिथे थांबून ती टाका. पाण्यात न उतरता. तुमच्या बाजूच्या काठावर झाडाची फांदी पाण्यावर झुकली असेल तर तिच्याखाली वरून सोडणे हा एकच मार्ग असतो.

गळ रुतण्याबद्दल खडूकाठ म्हणाले ते खरे, पण त्याला उपाय आहे. खाली टाकलेल्या फ्लायवर मासा आला की रॉड उचलायचा नाही. तो वळेपर्यंत थांबायचे. वळला की गळ त्याच्याच ओढीने कोपऱ्यात जातो. थांबायला शिकणे अवघड आहे, एवढेच.

मत्स्यगंधा_आर

मी मत्स्यशास्त्राची विद्यार्थिनी आहे, थंड पाण्यातल्या माशांवर काम करते. तुम्ही सगळे डोहाच्या शेपटीतून आत शिरायचे सांगताय, त्यावर मला कळकळीने काही सांगायचे आहे.

ब्राउन ट्राउट थंडीत अंडी घालतो. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते ती त्यासाठी. मादी शेपटीने खडी उकरून खळगा करते, अंडी घालते आणि वरच्या अंगाची खडी त्यांच्यावर लोटते. अशी घरटी बहुधा डोहाच्या शेपटीला असतात, जिथे पाणी उथळ होऊन वेग घेऊ लागते, कारण तिथे खडीतून पाणी झिरपत राहते आणि अंड्यांना प्राणवायू मिळतो. म्हणजे खालून वर येणारा प्रत्येक मासेमार जिथे पहिले पाऊल टाकतो, अगदी तीच जागा.

हंगाम मार्चमध्ये उघडतो, पण म्हणून खडी रिकामी झालेली नसते. ५ अंश सेल्सियसच्या आसपासच्या पाण्यात अंडी फुटायलाच तीनेक महिने लागतात. त्यानंतर पिल्ले पोटाची पिशवी संपेपर्यंत कित्येक आठवडे खडीतच राहतात. उशिरा घातलेल्या अंड्यांची पिल्ले एप्रिलमध्येही आत असू शकतात. मॉन्टानातल्या संशोधकांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, अंडी घातल्यापासून पिल्ले बाहेर येईपर्यंत रोज दोनदा खडीवरून चालल्यावर ९६ टक्क्यांपर्यंत अंडी आणि पिल्ले मेली. अंडी फुटायच्या आधी एकदाच चालले तरी ४३ टक्क्यांपर्यंत.

ओळखायचे कसे? आजूबाजूच्या दगडांवर शेवाळाचा तपकिरी थर असतो आणि मध्येच लांबट गोल, फिकट, धुतल्यासारखी खडी दिसते. वरच्या टोकाला खळगा, खालच्या टोकाला उंचवटा. तिथे पाय नको. डोहात शिरायचे ते बाजूने, मोठ्या धोंड्यांवरून.

दुसरे, छोटेसे. एका नदीतून दुसरीत जाताना बूट आणि वेडर्स धुऊन पूर्ण वाळवा. न्यूझीलंडने डिडिमो नावाच्या शेवाळामुळे २००८ साली नमद्याच्या तळव्यांचे बूट बंद केले, कारण नमदा ओल धरून ठेवतो. तीर्थनच्या बुळबुळीत धोंड्यांवर रबरी तळवा आणि खिळे चांगले. खिळ्यांचा आवाज माशाला जाणवतो, तेव्हा पाऊल सावकाश.

सावित्रीकाठ

ताई, फार बरे झाले लिहिलेत. आमच्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे ओढ्यातून शेतात चढतात, पोटात अंडी घेऊन, आणि लोक तिथेच त्यांना टोपल्यांनी धरतात. वलगण म्हणजे सण. खायला गोड लागतात, मीही खाल्लेत. पण आता ओढ्यात पूर्वीसारखे मासे नाहीत, आणि कारण विचारायला कुठे लांब जायला नको. वर्षात तेवढे आठ-दहा दिवस सोडले तरी पुरे.

दक्षिणालोक

मत्स्यगंधा म्हणतात त्याने वर चालण्याचा मुद्दा बाद होत नाही, कडक होतो. शेपटीतून शिरू नका, शेपटीच्या खालून बाहेर पडून काठाने वर या आणि तिथूनच टाका. आमच्याकडे चांगले मासेमार दिवसभरात पाण्यात फार कमी उतरतात. लोक वेडर्स घातले म्हणून पाण्यात उतरतात. संथ डोहात तर उतरूच नये. वर चालणाऱ्याच्या मांड्यांपुढे लाटा उठतात, सपाट पाण्यात त्या लांबवर पुढे जातात, आणि तिथे मागून येण्याचा सगळा फायदा वाया जातो.

आणि रीतभात. नदीवर आधी कुणी असेल तर त्याला विचारा, तुम्ही वर चाललात की खाली? तो वर चालला असेल तर त्याच्या पुढे जाऊन उतरायचे नाही. बऱ्याच देशांत असे मानतात की वर येणाऱ्याला वाट द्यायची, खाली येणाऱ्याने पाण्यातून बाहेर पडून त्याला लांबून वळसा घालायचा. कारण उघड आहे, खाली येणाऱ्याचा गाळ वर येणाऱ्याच्या पाण्यात जातो. सॅमनच्या डोहांवर उलटे, तिथे सगळे रांगेत एकेक पाऊल खाली सरकतात आणि शेवटी पोचलेला पुन्हा रांगेच्या वरच्या टोकाला जातो.

भिजलेला कातळ

सर्वांचे मनापासून आभार. मी असे ठरवलेय: सकाळी लवकर, खालून वर, शक्य तितके काठावरून. पाण्यात उतरलो तर गुडघ्यापर्यंत आणि धोंड्यांवरून. फ्लाय जवळून, तिरकी वर. परतताना काठावरून येत बुडती फ्लाय आडवी. भाऊ आणि मी आळीपाळीने टाकणार, दुसरा मागे उभा राहून पाण्याच्या पातळीवर लक्ष ठेवणार. एकच राहिले, सुरुवात कुठून करू? गुशैणीच्या पुलापासून वर, की बंजारच्या बाजूने खाली कुठेतरी उतरून गुशैणीपर्यंत?

कडेकपारी

दुसरे. बंजार ते गुशैणी रस्ता नदीच्या सोबतीने जातो. नागिणीच्या आसपास उतरा आणि गुशैणीकडे वर चालत या. सगळा वेळ रस्त्याच्या बाजूच्या काठावर राहा, पलीकडे कितीही चांगला डोह दिसला तरी. म्हणजे दुपारी पाणी चढले तर ओलांडायची वेळच येणार नाही, चार पावले चढलात की रस्ता. गुशैणीत फलाचनचे पाणी तीर्थनला मिळते. संगमाच्या वर दोन्ही प्रवाह वेगवेगळे आणि लहान आहेत, एकात पाणी चढले तरी दुसऱ्यात चढलेले असेलच असे नाही. पहिला दिवस नागिणी ते गुशैणी काढा, मग दोन्ही प्रवाह काठावरून बघून कुठल्यात जायचे ते ठरवा. परवाना नदीच्या कुठल्या पट्ट्यासाठी आहे आणि किती लांबीच्या आतला मासा सोडून द्यावा लागतो, ते घेतानाच विचारून घ्या. काठ्या इथूनच न्या, दोन.